समुद्राचा सातबारा

समुद्री शेवाळाच्या शेतीचा विषय निघाला, की आपल्याकडे बोलणं किनाऱ्याच्या लांबीपासून सुरू होतं. एवढा मोठा किनारा, एवढं पाणी, मग शेवाळ का नाही पिकणार? हा हिशेब ऐकायला बरा वाटतो. पण नुसत्या क्षेत्रफळावर शेती होत नाही. तिला जातिवंत बेणं लागतं, कसणाऱ्याचा हक्क लागतो, माल उचलणारा बाजार लागतो आणि एखादं वर्ष बुडालं तर सावरायला आधार लागतो. जमिनीवरचा शेतकरी या चार गोष्टींसाठी आजही झगडतो आहे, पण निदान त्याच्या हातात सातबारा असतो. समुद्रात शेती करणाऱ्या बाईच्या हातात तोही नाही. देशाला शेवाळशेतीचा उद्योग उभा करायचा असेल, तर कामाला हात इथूनच घालावा लागेल.

मुळात हे शेवाळ लागतं कशाला? आपण ते रोज वापरतो, फक्त ते शेवाळ आहे हे आपल्याला ठाऊक नसतं. स्वयंपाकघरातलं चायना ग्रास म्हणजे अगर, आणि अगर निघतं लाल शेवाळापासून. आइस्क्रीम, सुगंधी दूध, टूथपेस्ट यांना दाटपणा आणि एकजीवपणा देणारं कॅराजीनन हेही लाल शेवाळाचंच. तपकिरी शेवाळापासून अल्जिनेट मिळतं. दंतवैद्य दातांचा साचा घेताना जो लगदा तोंडात धरायला सांगतात तो त्याचाच, आणि कापडावर रंग छापताना तो पसरू नये म्हणून घालतात तेही तेच. प्रयोगशाळेत जंतू वाढवण्यासाठी अगर वापरायची कल्पना १८८१ च्या सुमारास फॅनी हेसे या गृहिणीने सुचवली. रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत तिचे पती काम करत. जिलेटिनची थाळी उन्हाळ्यात वितळायची, जंतूही ती पचवून टाकायचे. अगर मात्र टिकलं. आजही जगभरच्या रोगनिदानाच्या प्रयोगशाळांचं त्यावाचून चालत नाही.

जगात दरवर्षी साडेतीन कोटी टनांहून अधिक ओलं शेवाळ पिकवलं जातं आणि त्यातलं जवळजवळ सगळं आशियात. निम्म्याहून अधिक एकट्या चीनमध्ये, त्याखालोखाल इंडोनेशियात. आपल्या किनाऱ्यावर शेवाळाच्या आठशेहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत, तरी जगाच्या उत्पादनात आपला वाटा एक टक्काही नाही. या पिकाला जमीन लागत नाही, गोडं पाणी लागत नाही, खत लागत नाही. पाण्यात विरघळलेलं नत्र आणि स्फुरद ते स्वतःच शोषून घेतं. कार्बन शोषून हवामान सुधारण्याचं श्रेय मात्र त्याला सरसकट देऊ नये. कापलेलं शेवाळ खाल्लं गेलं किंवा कारखान्यात गेलं, की त्यातला बराच कार्बन परत हवेत जातो. किनाऱ्यावरच्या घरात पैसा येतो, एवढं कारणही या पिकासाठी पुरेसं आहे.

सरकारलाही हे पटलं आहे. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत शेवाळासाठी ६४० कोटी रुपये बाजूला काढले गेले आणि पाच वर्षांत सुमारे ११ लाख टनांचं लक्ष्य ठेवलं गेलं. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने देशभर शेतीयोग्य जागा हुडकल्या. त्यांचं क्षेत्र २४ हजार हेक्टरांच्या घरात जातं. ४६ हजारांवर तराफे आणि ६५ हजारांवर नळीजाळ्या मंजूर झाल्या. तमिळनाडूच्या रामनाथपुरम जिल्ह्यात वलमावूर इथे १२७ कोटींच्या शेवाळ उद्यानाची पायाभरणी झाली. पैसा आला, जागा ठरल्या, सामान मंजूर झालं. तरी ११ लाख टनांच्या आसपासही आपण पोहोचलो नाही. का, ते समजून घ्यायचं तर एका तराफ्याजवळ जावं लागेल.

पंचेचाळीस तराफ्यांचं गणित

रामेश्वरमच्या अलीकडे मंडपम आहे. तिथून उत्तरेला पसरलेला पाल्क उपसागर उथळ आणि बराचसा शांत असतो. बारा फूट लांब आणि बारा फूट रुंद असा बांबूचा चौकोन बांधतात. त्यावर आडवे वीस दोर ताणतात. प्रत्येक दोराला थोड्या थोड्या अंतरावर कप्पाफायकस नावाच्या लाल शेवाळाचे झुबके बांधतात. एक झुबका साधारण दीडशे ग्रॅमचा, आणि एका दोराला वीस झुबके. म्हणजे एका तराफ्याला ६० किलो बेणं. खालून जाळं ताणायचं, नाहीतर मासे कोवळे शेंडे कुरतडून खातात आणि तुटलेले तुकडे वाहून जातात. मग चार-पाच तराफे एकमेकांना बांधून नांगरायचे.

पंचेचाळीस दिवसांत त्या ६० किलोंचे दोनशे ते अडीचशे किलो होतात. त्यातले ६० किलो पुढच्या लावणीसाठी बाजूला काढायचे, उरलेले वाळवायचे. दहा किलो ओल्याचं साधारण एक किलो सुकं होतं, म्हणजे एका तराफ्यामागे हाती येतात चौदा ते एकोणीस किलो. हे गणित जुळावं म्हणून मंडपमच्या परिसरात एक साधी पद्धत बसली: एका माणसाकडे पंचेचाळीस तराफे. रोज एक काढायचा, त्याच दिवशी तो पुन्हा बांधून पाण्यात सोडायचा. पंचेचाळिसावा तराफा होईपर्यंत पहिला पुन्हा तयार. रोज काम, रोज थोडा माल.

या कामात बायका मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांचं समुद्राशी नातं या तराफ्यांच्या फार आधीपासूनचं आहे. मन्नारच्या आखातातल्या बेटांभोवती त्या पिढ्यान्‌पिढ्या बुडी मारून खडकावरचं शेवाळ काढत आल्या आहेत. धारदार खडकांनी हात कापू नयेत म्हणून बोटांना कापडाच्या पट्ट्या गुंडाळायच्या, डोळ्यांना चष्मा लावायचा आणि श्वास रोखून खाली जायचं. ही बेटं पुढे सागरी राष्ट्रीय उद्यानात गेली आणि त्यांच्या पायाखालचं शेत एका अधिसूचनेने बंदीचं क्षेत्र झालं. तरीही शेवाळ पुन्हा वाढावं म्हणून महिन्यातले ठरावीक दिवसच काढणी करायची, असा नियम या बायकांनी आपापसांत घालून घेतला. त्यांच्यापैकी लक्ष्मी मूर्ती यांना २०१५ मध्ये बेटांच्या संवर्धनासाठी दिला जाणारा आंतरराष्ट्रीय सीकॉलॉजी पुरस्कार मिळाला. समुद्र राखायचं शहाणपण या किनाऱ्याला बाहेरून आणावं लागत नाही.

बेणं

कप्पाफायकस मूळचं फिलिपिन्सच्या बाजूचं. तिथे १९७० च्या सुमारास हवाई विद्यापीठाचे मॅक्सवेल डोटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची शेती बसवली. भारतात ते १९८४ मध्ये जपानमार्गे आलं. भावनगरच्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने ते आणून आधी सौराष्ट्राच्या पाण्यात रुळवलं आणि मग मंडपमला नेलं. २००० नंतर पेप्सिको कंपनीने त्याची कंत्राटी शेती सुरू केली; तिथले लोक आजही त्याला ‘पेप्सी पासी’ म्हणतात. पासी म्हणजे तमिळमध्ये शेवाळ. २००८ मध्ये ती कंपनी बाहेर पडली, काम ॲक्वाॲग्री या कंपनीकडे गेलं आणि शेती वाढत राहिली. २०१२ च्या सुमारास वर्षाला सुमारे दीड हजार टन सुकं शेवाळ निघू लागलं.

मग २०१३ मध्ये पाणी तापलं आणि पीक मोठ्या प्रमाणावर मेलं. उत्पादन एकदम खाली आलं आणि पुढची कितीतरी वर्षं सावरलं नाही.

याचं मूळ बेण्यात आहे. हे शेवाळ उसासारखं कांडीने वाढतं. झुबका तोडायचा, बांधायचा, तो वाढला की पुन्हा तोडायचा. पहिल्या लावणीपासून आजपर्यंत एकच रोप स्वतःच्या प्रती काढत राहतं. नवं रक्त मिसळतच नाही. त्यामुळे एकाला जी उष्णता सोसत नाही ती कोणालाच सोसत नाही. एकाला लागलेला रोग सगळ्या पाण्यात पसरतो. फांद्या पांढऱ्या पडून गळायला लागतात, त्या रोगाला शेतकरी ‘आइस-आइस’ म्हणतात. टांझानियाच्या झांझिबारमध्ये हेच घडलं. तिथे १९८९ पासून हजारो बायका शेवाळशेतीत उतरल्या, पण समुद्र तापत गेला तसं जास्त भावाचं शेवाळ उथळ पाण्यात तगेनासं झालं आणि अनेकींना कमी भावाच्या जातीवर यावं लागलं.

जे देश या धंद्यात पुढे गेले त्यांनी आधी बेण्याचा प्रश्न सोडवला. जपानचंच पाहा. सुशी या पदार्थाभोवती गुंडाळतात त्या नोरी शेवाळाची शेती तिथे शेकडो वर्षांची, पण बी येतं कुठून हे कोणालाच माहीत नव्हतं. शेतकरी खाडीत काठ्या आणि जाळ्या रोवून वाट पाहत. बी लागलं तर पीक, नाही तर वर्ष गेलं. १९४९ मध्ये मँचेस्टरच्या कॅथलीन ड्रू-बेकर यांनी ‘नेचर’मध्ये एक छोटा शोधलेख लिहिला. वेल्सच्या किनाऱ्यावरच्या नोरीच्या भाऊबंद शेवाळाचे बीजाणू शिंपल्यांच्या कवचात शिरतात आणि तिथे गुलाबी तंतूंच्या रूपात वाढतात, हे त्यांनी दाखवलं. त्या तंतूंना तोवर वेगळीच वनस्पती समजत. जपानी शास्त्रज्ञांनी हा धागा उचलला, शिंपल्यांवर बी तयार करून जाळ्यांवर लावायचं तंत्र बसवलं, आणि दैवावर चालणारी शेती हिशेबावर चालू लागली. ड्रू-बेकर कधी जपानला गेल्या नाहीत. १९५७ मध्ये त्या वारल्या. १९६३ मध्ये कुमामोतो प्रांतातल्या शेतकऱ्यांनी समुद्राकाठी त्यांचं स्मारक उभारलं आणि दरवर्षी एप्रिलमध्ये तिथे जमून ते त्यांना आदरांजली वाहतात.

चीनचीही वाट तीच. थंड पाण्यातलं केल्प नावाचं शेवाळ तिथलं मूळचं नाही. ते १९२० च्या दशकात जपानकडून दालियन बंदरात आलं. १९५० च्या दशकात त्सेंग चेंग-कुई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उन्हाळ्यात थंड केलेल्या पाण्यात रोपं वाढवायची पद्धत काढली. शरद ऋतूत तयार रोप समुद्रात गेलं, वाढीचे महिने मिळाले आणि पीक दक्षिणेच्या पाण्यातही जाऊ शकलं.

आपल्याकडेही या दिशेने पावलं पडली आहेत. भावनगरच्या संस्थेने उती संवर्धनातून कप्पाफायकसची रोपं तयार करून शेतकऱ्यांना दिली. मंडपमच्या केंद्राला शेवाळशेतीचं उत्कृष्टता केंद्र म्हणून मान्यता मिळाली. २०२४ मध्ये बाहेरून जिवंत शेवाळ आणण्याचे नियम ठरले, त्यात आधी अलग ठेवून तपासणी करण्याची अट आहे. हे सगळं चांगलं आहे, पण अजून विखुरलेलं आहे. तराफ्यासाठी अनुदान देणं सोपं असतं, कारण तराफा मोजता येतो. बेण्याच्या पेढ्या, उष्णता सोसणाऱ्या जातींची निवड आणि ग्रासिलॅरियासारख्या आपल्याच किनाऱ्यावरच्या जातींची शेती ही वर्षानुवर्षं चालणारी कामं. उद्योगाचं भवितव्य त्यांच्यावर ठरणार आहे, म्हणून पहिला पैसा तिथे गेला पाहिजे.

पाण्यावरचा हक्क

किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतची मासेमारी हा राज्यांचा विषय आहे. त्यामुळे कोणाला कुठलं पाणी किती वर्षं द्यायचं हे राज्य सरकारांनी ठरवायचं. आज बहुतेक ठिकाणी तराफा टाकण्याची जागा गावच्या समजुतीवर चालते. समजूत चांगली असते, पण बँक तिच्यावर कर्ज देत नाही आणि विमा कंपनी तिच्यावर भरपाई देत नाही.

पीक बुडालं तर भरपाई मिळवणं किती कठीण असतं ते पूर्व इंडोनेशियातल्या लोकांनी भोगलं आहे. ऑगस्ट २००९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हद्दीतल्या मोंतारा विहिरीतून कित्येक आठवडे तेल गळत राहिलं. रोटे बेटावरच्या आणि आसपासच्या शेवाळ-शेतकऱ्यांचं पीक गेलं. नुकसान याच तेलाने झालं, हे सिद्ध करायला त्यांना ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयात वर्षानुवर्षं लढावं लागलं. २०२१ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि २०२२ च्या अखेरीस पंधरा हजारांवर शेतकऱ्यांसाठी १९ कोटी २५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरची तडजोड झाली. न्याय मिळाला, पण तेरा वर्षांनी.

हक्काबरोबर मर्यादाही ठरली पाहिजे. कप्पाफायकस परकं आहे आणि प्रवाळावर चढलं तर त्याला झाकून टाकतं. मन्नारच्या आखातात कुरुसडई बेटाजवळ तसं झाल्याचं २००८ मध्ये शास्त्रज्ञांनी नोंदवलं. त्याआधीच, २००५ मध्ये, तमिळनाडू सरकारने ही शेती पाल्क उपसागराच्या उत्तर बाजूला आणि तुतीकोरिनच्या दक्षिणेला करावी असं बंधन घातलं होतं. हे बंधन उद्योगाच्या आड येतं असं मानणं चूक आहे. प्रवाळ मेलं तर मासे गेले, आणि मासे गेले तर तराफ्यावर काम करणाऱ्या बाईचं घरही अर्धं बुडालं. नकाशावर शेती कुठे करायची हे जेवढ्या ठसठशीतपणे दाखवायचं, तेवढ्याच ठसठशीतपणे ती कुठे करायची नाही हेही दाखवायला हवं.

माल घेणार कोण

सुकवलेलं शेवाळ कच्चा माल म्हणून विकलं की भाव घेणाऱ्याच्या हातात राहतो. सुकवताना वाळू लागली, ओल राहिली, वर पाऊस पडला, की भाव आणखी पडतो. म्हणून शेताजवळच प्रक्रिया होणं हा या धंद्याचा कणा आहे, आणि इथे भारताकडे स्वतःचं एक मोलाचं तंत्र आहे. भावनगरच्या शास्त्रज्ञांनी ताजं कप्पाफायकस पिळून त्याचा रस वेगळा काढायची आणि उरलेल्या चोथ्यापासून कॅराजीनन काढायची पद्धत बसवली. एका पिकातून दोन उत्पन्नं. तो रस पिकांवर फवारला जातो. ‘इफ्को’चं ‘सागरिका’ हे शेवाळाच्या रसाचंच उत्पादन. २०२१ मध्ये अशा जैव-उत्तेजकांना खत नियंत्रण आदेशाच्या चौकटीत आणलं गेलं, त्यामुळे गुणवत्तेला कायद्याचा आधार मिळाला.

या ठिकाणी महाराष्ट्राचा थेट संबंध येतो. नाशिक आणि सांगलीच्या द्राक्षबागांत ‘सीवीड’ची फवारणी नवी राहिलेली नाही. बाजारात मिळणाऱ्या अर्कांपैकी बरेचसे उत्तर अटलांटिकच्या थंड पाण्यातल्या तपकिरी शेवाळाचे असतात. म्हणजे गिऱ्हाईक आपल्या घरात आहे आणि माल सातासमुद्रापलीकडून येतो. द्राक्ष, डाळिंब, ऊस यांवर आपल्या किनाऱ्यावरच्या शेवाळाचा अर्क किती आणि कधी उपयोगी पडतो, याच्या चाचण्या राज्याच्या कृषी विद्यापीठांनी शेतकऱ्यांच्या शेतात मोठ्या प्रमाणावर घेतल्या, तर खात्रीचा बाजार इथेच तयार होईल. खात्रीच्या बाजाराला खात्रीचा भाव जोडावा लागेल. लावणीच्या आधी ठरलेला किमान दर, आणि बायकांच्या बचतगटांच्या मालकीचे वाळवणीचे ओटे व पिळणयंत्रं, एवढं झालं तरी सौदा करताना त्यांचं पारडं जड होईल.

कोकणात काय होईल

कोकणात मंडपमची नक्कल चालणार नाही. जून ते सप्टेंबर अरबी समुद्र खवळलेला असतो आणि नद्यांच्या गोड्या पाण्याने खाड्यांचा खारटपणा उतरतो. शेतीचे महिने ऑक्टोबर ते मे एवढेच. बांबूचे तराफे लाटांत मोडतात, त्यामुळे गुजरातप्रमाणे नळीसारख्या जाळ्यांत बेणं भरून ती दोरांवर ताणायची पद्धत इथे जास्त जवळची. पावसाळ्यात बेणं जपून ठेवायला किनाऱ्यावर टाक्या लागतील. मालवणजवळ १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे आणि तिथे प्रवाळ आहे, म्हणून परकं कप्पाफायकस तिथे आणूच नये.

कोकणाची स्वतःची पुंजी वेगळी आहे. पावसाळ्यात इथल्या खडकांवर पोर्फायरा उगवतं, ते नोरीच्याच कुळातलं. त्याचं बी कसं तयार करायचं हा प्रश्न ड्रू-बेकर यांनी सोडवलेल्या प्रश्नाचाच सख्खा भाऊ आहे, आणि तो इथल्या संशोधकांनी हाती घ्यावा असं मला मनापासून वाटतं. दुसरी पुंजी माणसांची. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या खाड्यांत बायकांचे बचतगट कांदळवन प्रतिष्ठानच्या साहाय्याने कालवं, शिणाणे, खेकडे पाळत आले आहेत. दोर, जाळी, भरती-ओहोटी, रोजची निगा हे त्यांना शिकवावं लागणार नाही.

पण जागा ठरवताना रापणकरांना आधी बसवायला हवं. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, आणि ते ओढायला मोकळा किनारा लागतो. त्यासमोर दोरांची रांग आली तर एका गरिबाच्या पोटावर दुसऱ्या गरिबाचा पाय पडेल. पर्ससीन जाळ्यांच्या वादाने या किनाऱ्याने पुरेसं सोसलं आहे. शेवाळाच्या जागा गावसभेत, नकाशा समोर ठेवून, मच्छीमार सोसायटीच्या सहीने ठरल्या, तर हे पीक तंट्याचं कारण होणार नाही.

तेव्हा क्रम उलटा करू या. आधी बेण्याच्या पेढ्या आणि स्थानिक जातींवर चिकाटीचं संशोधन. मग गावाने मान्य केलेल्या पाण्याचे, शक्यतो बायकांच्या गटांच्या नावावरचे, दहा-पंधरा वर्षांचे नोंदणीकृत पट्टे. त्या पट्ट्यांवर कर्ज आणि विमा. किनाऱ्यावरच प्रक्रिया आणि आधी ठरलेला दर. हे झालं की तराफ्यांची संख्या आपोआप वाढेल. आणि योजनेचं यश मोजायचंच असेल, तर पहिल्या वर्षी किती टन निघाले यापेक्षा, पहिल्या वर्षी पाण्यात उतरलेल्या किती बायका सहाव्या वर्षीही स्वतःच्या नावावरच्या पाण्यात पीक घेत आहेत, ते मोजावं. तो आकडा वाढत राहिला, तर टनांचा आकडा त्याच्यामागून येईल.